विद्युत् वाहन प्रभारण, घरगुती

विद्युत् वाहन प्रभारण, घरगुती : विद्युत् घटमालेवर चालणाऱ्या मोटारगाडी, स्कूटर, रिक्षा इ. वाहनांच्या घटमालेत घरच्या वीजपुरवठ्यातून ऊर्जा साठविण्याच्या क्रियेस घरगुती प्रभारण म्हणतात. लोकव्यवहारात यासाठी ‘चार्जिंग’ हाच शब्द रूढ आहे. तांत्रिक मराठीत ‘भार’ हा शब्द विद्युत् भार आणि मंडलावरील मागणी अशा दोन्ही अर्थांनी येत असल्यामुळे प्रस्तुत नोंदीत घटमाला भरण्याच्या क्रियेस प्रभारण आणि मंडलातून घेतल्या जाणाऱ्या शक्तीस भार असे म्हटले आहे. प्रभारणासाठी घराच्या जोडणीत किती शक्ती उपलब्ध असावी लागते, तारा, खंडक व भूसंपर्क कसे असावे लागतात आणि अनेक घरांत एकाच वेळी प्रभारण सुरू झाल्यास परिसरातील रोहित्रावर काय परिणाम होतो, यांचे विवेचन येथे केले आहे.

इतिहास : घरी वाहन प्रभारित करण्याची कल्पना नवी नाही. विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेतील शहरांत विद्युत् मोटारगाड्या बऱ्याच प्रचारात होत्या. घटमालेस एकदिश (एकाच दिशेने वाहणारा) प्रवाह लागतो. परंतु अनेक घरांना मिळणारी वीज प्रत्यावर्ती (उलट सुलट दिशांनी वाहणाऱ्या) प्रवाहाची होती. अमेरिकन अभियंते पीटर कूपर ह्यूइट (१८६१–१९२१) यांनी १९०२ मध्ये शोधलेल्या पाऱ्याच्या प्रज्योत एकदिशकारकाने ही अडचण दूर केली आणि अशा एकदिशकारकाचे खोके गाडीखान्यात भिंतीशी उभे राहू लागले. पुढे पेट्रोल एंजिनास विद्युत् चालित आरंभक मिळाल्यावर विद्युत् गाड्या मागे पडल्या आणि त्यांच्याबरोबर ही उपकरणेही गेली. भारतात २००१ साली बंगलोर येथे निर्माण झालेली ‘रेवा’ ही छोटी गाडी घरातील १५ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर प्रभारित होत असे. लिथियम-आयन घटमालांमुळे २०१० नंतर गाडीची साठवणशक्ती अनेक पटींनी वाढली आणि तेव्हापासून घराच्या जोडणीचा प्रश्न खऱ्या अर्थाने पुढे आला.

शक्ती व ऊर्जा : या विषयातील बहुतेक गैरसमज शक्ती व ऊर्जा या दोन राशींची गल्लत केल्याने होतात. किलोवॉट हे शक्तीचे म्हणजे ऊर्जा घेण्याच्या वेगाचे एकक आहे, तर किलोवॉट-तास (वीजबिलातील ‘युनिट’) हे ऊर्जेचे एकक आहे. नळाची धार व हंड्यातील पाणी यांच्यात जो फरक, तोच येथे आहे. घटमाला ३० किलोवॉट-तासांची आहे म्हणून घरात ३० किलोवॉट शक्ती हवी असे नाही. २ किलोवॉटनेही ती भरेल, मात्र रात्र पुरणार नाही.

भारतात घरांना एककला पुरवठा २३० व्होल्ट दाबाने व ५० हर्ट्झ कंप्रतेने होतो. शक्ती ही दाब व प्रवाह यांच्या गुणाकाराने मिळत असल्यामुळे १५ अँपिअरला सु. ३·४ किलोवॉट व ३२ अँपिअरला सु. ७·४ किलोवॉट शक्ती घेता येते. त्रिकला पुरवठ्यात तिन्ही कलांतून प्रत्येकी १६ अँपिअर घेतल्यास ११ आणि ३२ अँपिअर घेतल्यास २२ किलोवॉट मिळतात. स्कूटरचा प्रभारक याहून पुष्कळ लहान असतो. त्यास बहुधा १ किलोवॉटच्या आतच शक्ती लागते व तो ६ अँपिअरच्या सॉकेटवर चालतो. भारतातील विद्युत् वाहनांत दुचाकी व तीनचाकी वाहनेच बहुसंख्य असल्याने बहुतेक घरांपुढे जोडणी वाढविण्याचा प्रश्न उभाच राहत नाही. तेथे प्रश्न असतो तो सॉकेट व भूसंपर्क यांच्या स्थितीचा.

मोटारगाडीच्या बाबतीतही रोजची गरज समजली जाते त्याहून कमी असते. लहान गाडीस दर किलोमीटरला साधारणपणे ०·१२ ते ०·१५ किलोवॉट-तास ऊर्जा लागते. रोज ४० किमी. प्रवास होत असेल, तर ५ ते ६ युनिटे खर्च होतात. प्रभारणात उष्णतेच्या रूपाने सुमारे दहावा हिस्सा वाया जातो. तो धरूनही ३·३ किलोवॉटने ही भरपाई दोन तासांच्या आसपास पूर्ण होते. गाडी रात्री दहा तास उभी असते. पेट्रोलची टाकी रिकामी झाल्यावर पंपावर जाऊन ती काठोकाठ भरण्याची सवय मनात असल्यामुळे लोक घटमालेचाही तसाच विचार करतात आणि गरज नसताना मोठा प्रभारक मागतात. दररोज शंभर किलोमीटरहून अधिक अंतर कापणाऱ्या, दोन गाड्या असणाऱ्या किंवा रात्री उशिरा येऊन पहाटे निघणाऱ्या कुटुंबासच ७ किलोवॉटची खरी आवश्यकता भासते.

भिंतीवरील पेटीचे कार्य : घराच्या भिंतीवर बसविण्यात येणाऱ्या पेटीस ‘चार्जर’ म्हणण्याची पद्धत असली, तरी प्रत्यावर्ती प्रवाहाच्या प्रभारणात प्रत्यक्ष प्रभारक गाडीतच बसविलेला असतो. प्रवाह एकदिश करणे, दाब योग्य तेवढा करणे व घटमालेच्या स्थितीनुसार तो नियंत्रित करणे ही कामे गाडीतील उपकरण करते. भिंतीवरची पेटी म्हणजे संरक्षण व संदेशवहन यांची सोय असलेला एक सुज्ञ स्विच होय. यातून एक व्यावहारिक गोष्ट निष्पन्न होते. गाडीतील प्रभारक ३·३ किलोवॉटचा असेल, तर भिंतीवर ७·४ किंवा २२ किलोवॉटची पेटी लावूनही गाडी ३·३ किलोवॉटच घेईल. पेटी, जाड केबल व वाढीव मंजूर भार यांवर केलेला खर्च अशा वेळी व्यर्थ जातो. म्हणून पेटी निवडण्यापूर्वी गाडीच्या माहितीपुस्तिकेतील प्रभारकाची क्षमता पाहणे ही पहिली पायरी आहे. रस्त्यावरील जलद प्रभारण केंद्रांत मात्र एकदिशकारक केंद्रातच असतो व एकदिश प्रवाह थेट घटमालेस दिला जातो. त्यांची शक्ती २५ किलोवॉटपासून शेकडो किलोवॉटपर्यंत असल्याने घरगुती जोडणीशी त्यांचा संबंध येत नाही.

पेटी व गाडी यांच्यातील संदेशवहनाची रीत आंतरराष्ट्रीय विद्युत् तांत्रिक आयोगाच्या ६१८५१ क्रमांकाच्या मानकात दिलेली असून तिची पहिली आवृत्ती २००१ मध्ये निघाली. भारतीय मानक ब्यूरोची आयएस १७०१७ ही मालिका याच विषयावरील आहे. केबलमधील एका बारीक तारेतून पेटी गाडीकडे +१२ व −१२ व्होल्टांदरम्यान हेलकावणारे चौकोनी स्पंद सेकंदास १,००० या गतीने पाठविते. एका आवर्तनकालापैकी किती टक्के काळ दाब धन असतो, त्यावरून गाडीस कमाल प्रवाहाची मर्यादा कळते. नेहमीच्या मर्यादेत टक्केवारीस ०·६ ने गुणले असता अँपिअर मिळतात, उदा., १० टक्क्यांस ६ अँपिअर व ५० टक्क्यांस ३० अँपिअर. गाडी त्या तारेवरील दाब ठराविक रोधाने खाली ओढून आपण जोडलेले आहोत व प्रवाह घेण्यास सिद्ध आहोत, हे कळविते. हा संकेत मिळेपर्यंत पेटी मुख्य तारांत दाबच सोडत नाही; त्यामुळे सुटी पडलेली केबल पावसात भिजली, तरी तिच्या टोकाला वीज नसते. या योजनेचा दुसरा उपयोग असा की, टक्केवारी बदलून गाडीचा प्रवाह चालू प्रभारणातही कमी-जास्त करता येतो. या सोयीचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

घराच्या भाराचे गणित : वितरण कंपनी प्रत्येक ग्राहकासाठी मंजूर भार ठरविते. तो वीजबिलावर छापलेला असतो. महाराष्ट्रात २००५ च्या विनियमांनी एककला पुरवठ्यास ४० अँपिअरची मर्यादा घातली होती. २३० व्होल्टला ही मर्यादा ९·२ किलोवॉट होते. त्यांतून प्रभारणास ३२ अँपिअर दिल्यास बाकी घरासाठी ८ अँपिअर म्हणजे दोन किलोवॉटहूनही कमी शक्ती उरते आणि पाणी तापविण्याच्या एका बंबातच ती संपते. म्हणून सात किलोवॉटची पेटी घ्यावयाची झाल्यास बहुधा त्रिकला जोडणी घ्यावी लागते, किंवा पेटीचा प्रवाह घराच्या उरलेल्या भाराप्रमाणे आपोआप कमी करणारी व्यवस्था बसवावी लागते.

मध्यमवर्गीय घराचे उदाहरण घेतल्यास दीड टनी वातानुकूलक सु. १·६ किलोवॉट, पाण्याचा बंब २ किलोवॉट, इस्त्री १ किलोवॉट, सूक्ष्मतरंग भट्टी १·२ किलोवॉट आणि दिवे, पंखे, प्रशीतक, दूरचित्रवाणी संच इ. मिळून सु. ०·७ किलोवॉट असा साडेसहा किलोवॉटचा भार कागदावर दिसतो. प्रत्यक्षात ही सर्व साधने एकाच क्षणी चालत नाहीत. एकाच वेळी येणाऱ्या कमाल मागणीचे एकूण जोडलेल्या भाराशी असलेले गुणोत्तर घरांच्या बाबतीत एकाहून बरेच कमी असते आणि घरांतील तारा, मीटर व रोहित्रे या सर्वांची रचना याच अनुभवावर आधारलेली असते. बंब पंधरा मिनिटे चालतो, इस्त्री थांबून थांबून तापते, वातानुकूलकाचा संपीडक मधून मधून बंद पडतो. गाडी मात्र पूर्ण प्रवाह तासन् तास अखंड घेते. रिकामी घटमाला भरावयाची झाल्यास हा काळ नऊ-दहा तासांवर जातो. घरगुती विद्युत् मांडणीने असा भार पूर्वी पाहिलेलाच नाही. म्हणून केवळ ‘बंब चालतो त्याच सॉकेटवर गाडी चालेल’ हा युक्तिवाद अपुरा ठरतो.

अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत् संहितेत तीन तास वा अधिक काळ अखंड चालणाऱ्या भारास ‘सतत भार’ मानून मंडलाची क्षमता त्याच्या १२५ टक्के ठेवण्याचा नियम आहे आणि वाहन प्रभारण त्यात मोडते. त्यामुळे तेथे ४० अँपिअरच्या खंडकावर ३२ अँपिअरच घेतले जातात. तेथील साध्या सॉकेटचा दाब १२० व्होल्ट असल्याने त्यावर १२ अँपिअर म्हणजे सु. १·४ किलोवॉट एवढीच शक्ती मिळते. भारतातील १६ अँपिअरचे साधे सॉकेट याच्या दुपटीहून अधिक शक्ती देते. भारतीय घर याबाबतीत अधिक सोयीच्या जागी आहे, ही गोष्ट फारशी लक्षात घेतली जात नाही.

तारा व सांधे : प्रवाहामुळे संवाहकात निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तारेचा रोध सर्व लांबीवर विखुरलेला असल्यामुळे तिची उष्णता पसरते; परंतु सॉकेटमधील सैल पडलेली पितळी पट्टी किंवा नीट न आवळलेला स्क्रू यांचा रोध एका बिंदूशी एकवटलेला असतो. चांगल्या सांध्याचा रोध काही सहस्रांश ओहम असतो. तो ०·००५ ओहम धरला, तर १५ अँपिअरला सु. १ वॉट उष्णता निर्माण होते. सांधा ऑक्सिडीभवनाने वा सैल पडून ०·१ ओहमपर्यंत गेला, तर तीच उष्णता २२·५ वॉट होते. एखाद्या डाखणीच्या टोकास पुरेल एवढी ही उष्णता बंद प्लॅस्टिकच्या डबीत रात्रभर साठत राहते. उष्णतेने पट्टीचा ताण जातो, ताण गेल्याने रोध वाढतो व रोध वाढल्याने उष्णता आणखी वाढते. हे चक्र चालू असता प्रवाह १५ अँपिअरच असल्याने खंडकास काहीच विपरीत जाणवत नाही व तो सुटत नाही. घरगुती प्रभारणात होणाऱ्या आगींचे हे एक प्रमुख कारण असून त्यावर उपाय साधे आहेत : प्रभारणासाठी मुख्य फळीपासून स्वतंत्र मंडल काढणे, औद्योगिक धर्तीचे भक्कम सॉकेट वापरणे, जोडतारेची ‘एक्स्टेन्शन बोर्डे’ व बहुपिनी जोडण्या कटाक्षाने टाळणे आणि पहिल्या काही रात्री तासाभराने पिनेस हात लावून पाहणे. पीन हातास सोसवत नसेल, तर सॉकेट बदलावयास हवे.

तारेचा छेद ठरविताना उष्णता व दाबातील घट या दोन्ही गोष्टी पाहाव्या लागतात. मीटरपासून गाडीपर्यंतचे अंतर ४० मी. असल्यास प्रवाहास जाऊन-येऊन ८० मी. तारेतून वाहावे लागते. ६ चौ. मिमी. छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध २०° से. ला दर किमी.ला ३·०८ ओहम असतो. म्हणजे या अंतरास तो ०·२५ ओहमच्या जवळ येतो. त्यातून ३२ अँपिअर गेल्यास सु. ८ व्होल्ट दाब तारेतच खर्च होतो व सु. २५० वॉट शक्ती भिंतीतील नळीत उष्णतेच्या रूपाने जाते. ४ चौ. मिमी.च्या तारेत ही घट जवळजवळ १२ व्होल्ट होते, तर १० चौ. मिमी.च्या तारेत ती ५ व्होल्टांच्या आत राहते. यावरून ३२ अँपिअरच्या मंडलास ६ चौ. मिमी. हा लघुतम छेद समजून लांब अंतरास किंवा बंद नळीतील मांडणीस १० चौ. मिमी. वापरणे इष्ट ठरते. १६ अँपिअरच्या मंडलास २·५ चौ. मिमी. तार चालत असली, तरी ४ चौ. मिमी. घेतल्यास खर्चात पडणारा फरक किरकोळ असतो व तार थंड राहते. जुन्या इमारतींतून ॲल्युमिनियमच्या तारा आढळतात. त्यांवर प्रभारणाचा भार टाकू नये.

खंडकाच्या बाबतीत हवामानाचाही विचार करावा लागतो. घरगुती लघुमंडल खंडकांची (एमसीबींची) क्षमता ३०° से. तापमानास धरून लिहिलेली असते. नागपूर वा चंद्रपूर येथे मे महिन्यात पश्चिमेकडील भिंतीवरच्या लोखंडी पेटीतील तापमान याच्या पुष्कळ वर जाते आणि ३२ अँपिअरचा खंडक ३२ अँपिअर सतत प्रवाहास विनाकारण सुटू लागतो. यासाठी ४० अँपिअरचा खंडक व त्यास साजेशी जाड तार घेतात. तार तीच ठेवून केवळ खंडक मोठा करणे हे मात्र संरक्षणच काढून घेण्यासारखे आहे.

भूसंपर्क व गळती प्रवाह : प्रभारण चालू असताना गाडीचे लोखंडी शरीर केबलमधील भूसंपर्क तारेने घराच्या भूसंपर्कास जोडलेले असते. गाडी रबरी टायरांवर उभी असल्याने तिला दुसरा भूसंपर्क नसतो. आत कोठे निरोधक वेष्टन फाटून जिवंत तार शरीरास लागली आणि भूसंपर्क तुटलेला असला, तर ओल्या फरशीवर अनवाणी उभा राहून दार उघडणारा मनुष्य हाच प्रवाहाचा मार्ग होतो. म्हणून गाडीबरोबर मिळणाऱ्या केबलमधील पेटी प्रभारणापूर्वी भूसंपर्क तपासते व तो न मिळाल्यास तांबडा दिवा दाखवून काम थांबविते.

खेड्यांत, चाळींत व जुन्या वाड्यांत भूसंपर्क नसणे किंवा असून निरुपयोगी असणे ही गोष्ट सर्रास आढळते. अशा ठिकाणी तांबडा दिवा घालविण्यासाठी सॉकेटमध्येच तटस्थ (न्यूट्रल) तार व भूसंपर्काची पीन एका तुकड्याने जोडून देण्याची युक्ती काही वीजतंत्री करतात. दिवा जातो, गाडी भरू लागते आणि मालक समाधानी होतो. परंतु त्यानंतर घरातील, मीटरवरील किंवा खांबावरील तटस्थ तार कोठेही तुटली, तर चालू असलेल्या दिव्या-पंख्यांतून फिरून येणारा २३० व्होल्टांचा दाब सरळ गाडीच्या शरीरावर येतो. त्या वेळी गाडीत कोणताही दोष नसतो, खंडकही सुटत नाही. वादळी पावसात खांबावरील तटस्थ तार तुटणे ही काही दुर्मिळ घटना नव्हे. त्यामुळे ही युक्ती प्राणघातक मानली पाहिजे. योग्य उपाय म्हणजे आयएस ३०४३ या मानकाप्रमाणे जमिनीत विद्युत् अग्र पुरून स्वतंत्र भूसंपर्क करणे. त्यास येणारा खर्च गाडीच्या किमतीच्या मानाने नगण्य असतो. खडकाळ जमिनीत अग्र खोल नेणे वा एकाहून अधिक अग्रे पुरणे आवश्यक ठरते. कोरड्या ऋतूत भूसंपर्काचा रोध वाढतो, म्हणून मोजणी उन्हाळ्यात करावी.

भूसंपर्काच्या जोडीला ३० मिलिअँपिअरचा गळती प्रवाह खंडक (आरसीसीबी) लागतो. जाणाऱ्या व परतणाऱ्या प्रवाहांत एवढा फरक पडताच तो सेकंदाच्या अल्पांशात पुरवठा तोडतो. मात्र येथे एक बारकावा आहे. गाडीत एकदिशकारक असल्याने गळती प्रवाहात एकदिश घटक येऊ शकतो आणि घरात सामान्यतः असणाऱ्या खंडकाचा चुंबकीय गाभा अशा प्रवाहाने संपृक्त होऊन तो आंधळा बनतो; मग खरा धोका निर्माण झाला, तरी तो सुटत नाही. यासाठी ६ मिलिअँपिअरहून अधिक एकदिश गळती ओळखणारी योजना भिंतीवरील पेटीत तरी असावी लागते, किंवा एकदिश प्रवाहासही दाद देणारा ‘ब’ प्रकारचा खंडक बाहेर बसवावा लागतो. स्वस्त पेट्यांत नेमकी हीच योजना गाळलेली असण्याचा संभव असतो; खरेदीच्या वेळी त्याची लेखी खात्री करून घ्यावी.

सहकारी गृहसंस्था : बंगल्यात मीटर व गाडी यांच्यात काही मीटरांचेच अंतर असते. मुंबई, ठाणे, पुणे येथील बहुमजली इमारतींत मीटरखोली एका टोकास, वाहनतळ दुसऱ्या टोकास किंवा तळघरात आणि सदनिका दहाव्या मजल्यावर अशी स्थिती असते. केबल सामाईक जागेतून न्यावी लागत असल्याने संस्थेची संमती लागते. प्रत्येक सभासदाने आपापली केबल नेली, तर काही वर्षांत मीटरखोलीत जागाच उरत नाही. पहिल्या दोन-तीन गाड्यांना सहज परवानगी मिळते व पुढच्यांना ‘भार शिल्लक नाही’ असे सांगितले जाते. अनेक संस्थांतील वादाचे मूळ येथे आहे.

केंद्रीय गृहनिर्माण व नागरी कार्य मंत्रालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये आदर्श इमारत उपविधींत केलेल्या दुरुस्तीनुसार वाहनतळाच्या २० टक्के जागांवर प्रभारणाची सोय आणि ती सर्व ठिकाणे एकाच वेळी चालतील असे धरून, त्यावर १·२५ हा सुरक्षा गुणक लावून येणारा वाढीव भार अपेक्षित आहे. शंभर गाड्यांच्या वाहनतळास हा हिशेब लावून पाहण्यासारखा आहे. वीस ठिकाणी ३·३ किलोवॉटच्या पेट्या लावल्यास ८२·५ किलोवॉट, तर ७·४ किलोवॉटच्या लावल्यास १८५ किलोवॉट भार लागतो. दुसरा आकडा संपूर्ण स्वतंत्र रोहित्राची मागणी करतो. याउलट वीस गाड्यांची रोजची गरज प्रत्येकी ६ युनिटे धरली, तर एकूण ऊर्जा १२० युनिटे होते आणि रात्रीच्या आठ तासांत ती पसरल्यास सरासरी १५ किलोवॉटच भार येतो. १५ व १८५ या दोन आकड्यांमधील अंतर वाहनांच्या गरजेतून आलेले नाही; सर्वांनी एकाच क्षणी व कमाल वेगाने भरण्याच्या कल्पनेतून ते आले आहे.

हे अंतर भरून काढण्याचे साधन म्हणजे भारविभाजन होय. मुख्य केबलवर बसविलेले प्रवाहमापक सर्व इमारतीचा प्रवाह पाहते आणि नियंत्रक वर सांगितलेल्या स्पंदांची टक्केवारी बदलून प्रत्येक पेटीस तिच्या वाट्याचा प्रवाह ठरवून देतो. ६ अँपिअरच्या खाली प्रवाह नेता येत नसल्याने गाड्या फार झाल्यास त्यांना आळीपाळीने भरतात. उद्वाहक व पाण्याचे पंप सकाळी जोरात चालू असताना प्रभारण आपोआप मंदावते व मध्यरात्रीनंतर वाढते. अशी व्यवस्था पहिल्याच गाडीच्या वेळी आखली, तर पुढील गाड्यांसाठी तीच मुख्य केबल पुरते. नंतर ती बसविणे खर्चाचे व भांडणाचे काम होते.

वितरण जाल : रस्त्यावरील रोहित्रे घरांच्या विखुरलेल्या मागणीवर बेतलेली असतात. १०० किलोव्होल्ट-अँपिअर क्षमतेच्या रोहित्रावर ७·४ किलोवॉटच्या चौदा पेट्या एकदम चालू झाल्यास एकही दिवा न लावता त्याची क्षमता संपते. रात्रीचा स्वस्त दर ठराविक ठोक्यास सुरू होत असेल, तर नेमके असे घडू शकते. हे ध्यानात घेऊन ब्रिटनमध्ये जून २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनी घरगुती पेट्यांत प्रभारणाचा आरंभ दहा मिनिटांपर्यंत यदृच्छेने पुढे-मागे करण्याची सोय अनिवार्य केली. जर्मनीत जानेवारी २०२४ पासून नवीन पेटीची शक्ती अडचणीच्या वेळी ४·२ किलोवॉटपर्यंत उतरविण्याचा अधिकार वितरण कंपनीस मिळाला असून त्या बदल्यात ग्राहकास आकारात सूट दिली जाते. म्हणजे अडचणीच्या वेळीही भारतातील १६ अँपिअरच्या सॉकेटहून अधिक शक्ती तेथील ग्राहकास मिळतेच.

ग्रामीण भागात प्रश्न उलटा असतो. लांब वाहिनीच्या टोकास सायंकाळी दाब १९० व्होल्टांपर्यंत उतरतो. गाडीतील प्रभारक प्रवाहाची मर्यादा सोडत नसल्याने १५ अँपिअरला शक्ती ३·४५ वरून २·८५ किलोवॉटवर येते व प्रभारणाचा काळ वाढतो. दाब फारच उतरल्यास प्रभारक बंद पडतो. घरगुती दाबस्थिरकारक अशा सतत भारासाठी बनविलेले नसतात. त्यांतून प्रभारण करणे योग्य नाही. पुरवठा गेल्यावर दिवे-पंखे चालविणाऱ्या इन्व्हर्टरवरही हे मंडल असता कामा नये.

नियम व आकारणी : वाहन प्रभारण ही वीजविक्री नसून सेवा आहे व तीस विद्युत् अधिनियम, २००३ खाली परवाना लागत नाही, असे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये स्पष्ट केले. घरी किंवा कार्यालयात आपल्या अस्तित्वात असलेल्या जोडणीवरून प्रभारण करण्याची मुभा जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत देण्यात आली. फेब्रुवारी २०२४ मधील ग्राहक हक्क नियमांच्या दुरुस्तीने प्रभारणासाठी स्वतंत्र जोडणी मागण्याचा हक्क मिळाला असून नवी जोडणी महानगरांत ३, इतर नगरपालिका क्षेत्रांत ७ व ग्रामीण भागात १५ दिवसांत देणे बंधनकारक केले आहे.

घरच्याच मीटरवर प्रभारण केल्यास घरगुती दर लागू होतो. महाराष्ट्रात हा दर १००, ३०० व ५०० युनिटांच्या टप्प्यांनी चढत जातो. महिन्यास १,२०० किमी. धावणारी गाडी सु. १८० युनिटांची भर घालते आणि मूळचा वापर २०० युनिटांचा असल्यास त्यांतील ८० युनिटे वरच्या टप्प्यात जातात. वाहनांसाठी आयोगाने ठरविलेल्या स्वतंत्र दराची जोडणी घेतल्यास हा चढ टळतो, परंतु दुसऱ्या मीटरचा स्थिर आकार पडतो. कमी वापराच्या गाडीस एकच मीटर व अधिक वापराच्या गाडीस दोन, असा साधारण हिशेब आहे. जून २०२३ च्या केंद्रीय नियमांनी वेळेनुसार दर आकारण्याचे धोरण घरगुती ग्राहकांपर्यंत नेले आणि सूर्यप्रकाशाच्या काळातील वीज नेहमीच्या दराहून स्वस्त ठेवण्यास सांगितले. रात्रीची वीज स्वस्त हे गृहीतक त्यामुळे बदलत आहे. छतावरील सौर पट्टांपासून महाराष्ट्रात दर किलोवॉटमागे दिवसाला साधारणपणे ४ युनिटे मिळतात. दीड किलोवॉटचे पट्ट चाळीस किलोमीटरच्या रोजच्या प्रवासास पुरेसे आहेत. अडचण एवढीच की, सूर्य असताना गाडी बहुधा कचेरीच्या वाहनतळात उभी असते.

जोडणीचे काम परवानाधारक वीज ठेकेदाराकडून करून घेऊन त्याचा चाचणी अहवाल वितरण कंपनीस द्यावा लागतो. त्यात निरोधक वेष्टनाचा रोध, भूसंपर्काचा रोध व गळती प्रवाह खंडकाची चाचणी यांची नोंद असते. खंडकावरील चाचणीचे बटण दर महिन्यास दाबून पाहावे व प्रभारण मंडलाच्या सांध्यांचे स्क्रू वर्षातून एकदा, पुरवठा बंद करून, पुन्हा आवळून घ्यावेत.